विश्लेषण : अभ्यासाचा गेम की अभ्यासाची थट्टा? पालकांनी कसे ओळखावे?

राज्यातील इतर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातील मात्र उन्हामुळे महिनाअखेरीस. नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारभर मुले घरात आणि हातात मोबाइल. ‘निदान अभ्यासाचा गेम तरी खेळ’ ही मग पालकांची तडजोड. पण अभ्यासाचे नाव लावलेले काही गेम मुळात अभ्यासाच्या गेमची टिंगल करण्यासाठीच बनवलेले आहेत.

थट्टा नेमकी कशी?

२०१८ मध्ये आलेला ‘बाल्डीज बेसिक्स’ दिसतो १९९०च्या दशकातील सीडीवरच्या गणिताच्या गेमसारखा. शाळेत फिरून सात वह्या गोळा करायच्या, प्रत्येकीत तीन गणिते. पहिली वही सोपी. दुसऱ्या वहीतले तिसरे गणित मात्र वाचताच येत नाही, कारण आकडे एकमेकांवर चढलेले. उत्तर चुकणारच! मग मास्तर पट्टी आपटत मागे लागतो. थोडक्यात, हा भयपटाच्या जातीचा गेम आहे. २०१२चा ‘फ्रॉग फ्रॅक्शन्स’ निरुपद्रवी म्हणावा असा. नावात अपूर्णांक, पण शिकवत काहीच नाही. किडे खाणारा बेडूक बघता बघता ड्रॅगनवर बसून मंगळावर पोहोचतो.

मोठ्यांना यात गंमत वाटते. सात वर्षांच्या मुलाने मात्र ती जुनी सीडी पाहिलेलीच नसते. त्याला विडंबन कळत नाही. गणित चुकले म्हणून मास्तर धावून आला, एवढेच कळते.

मग खरे गेम कसे असतात?

‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास यांच्या ‘लुकास लर्निंग’ने १९९८ मध्ये ‘ड्रॉइड वर्क्स’ आणला. सुटे भाग जोडून रोबो बनवायचा आणि त्याला मोहिमेवर धाडायचे. लढाई नाही. बल, गती, ऊर्जा, प्रकाश, चुंबकत्व यांचा विचार केल्याशिवाय रोबो पुढे सरकत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘गंगन फ्रंटियर’मध्ये परग्रहावरची अन्नसाखळी सांभाळायची होती. येथे शिकणे हाच खेळ आहे. ‘बाल्डी’ ज्यांची खिल्ली उडवतो त्या गेममध्ये गणित म्हणजे खेळाच्या दारावरचा टोलनाका होता. ती टीका रास्तच म्हणावी लागेल.

विनोदाचे वावडे असण्याचेही कारण नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मध्ये हिरवे बुटके अंतराळवीर रॉकेट उडवतात, बहुतेकदा पाडतात. पण कक्षेत जाण्याचे गणित बऱ्याच अंशी खरे. गांधीसागर तलावाजवळच्या, १९९२ पासूनच्या रमण विज्ञान केंद्रातही मुले उपकरणांना हात लावूनच शिकतात. तत्त्व तेच.

डाउनलोड करण्यापूर्वी काय पाहावे?

अ‍ॅप स्टोअरवरील ‘एज्युकेशन’ हा वर्ग गेम बनवणाराच निवडतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. वयाचे रेटिंग वेगळे दिलेले असते. ३+ आणि १२+ यांत बराच फरक आहे. गाजलेल्या गेमच्या नावाशी मिळत्याजुळत्या नकलाही पुष्कळ, म्हणून निर्मात्याचे नाव तपासावे. आणि दहा मिनिटे स्वतः खेळून मुद्दाम चुकीचे उत्तर द्यावे. गेम पुन्हा प्रयत्न करू देतो, चूक कुठे झाली ते दाखवतो, की नुसता घाबरवतो, हे तेवढ्यात कळते.