डिकीतली बॅटरी

बॉनेट उघडलं की कोपऱ्यात बॅटरी दिसणार, हे आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय की ती तिथे नसलेली गाडी पाहिली की थबकायला होतं. १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेली मिनी ही त्यातली सगळ्यांत लाडकी. ॲलेक इसिगोनिस यांनी जेमतेम तीन मीटर लांबीच्या त्या गाडीत इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सरकवला, आणि माणसांसाठी जागा काढता काढता बॅटरीची रवानगी थेट डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या शेजारी केली. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये बनवली होती, मिनीच्या बरोबर शंभर वर्षं आधी. पुढे बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांनी आणि १९८९ च्या माझदा मियाटाने बॅटरी मागे ठेवली ती तोलासाठी. पंधरा-एक किलोचं वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांकडे गेलं तर वळणावर गाडी वेगळी वागते. रॅलीची गाडी बांधणारे, किंवा लहान गाडीत मोठं इंजिन बसवणारे हौशी लोक आजही हेच करतात.

ऐकायला काम सोपं वाटतं. बॅटरी उचलायची, डिकीत घट्ट बांधायची आणि तार लांबवायची. पण या तारेच्या चार-पाच मीटरमध्ये जे घडतं ते पाहिलं की विजेबद्दलच्या आपल्या बहुतेक कल्पना डळमळतात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रवाहाचा आकडा. घरातला दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरही घेत नाही. सेल्फ मारताना स्टार्टर मोटरला लागणारी ताकद साधारण तेवढीच असते, पण इथे हाताशी व्होल्ट फक्त बारा, आणि जोर आला की तेही दहाच्या आसपास उतरतात. म्हणून तीच ताकद पोचवायला दोनशे अँपिअर वाहावे लागतात. एवढा प्रवाह असला की ओहमचा हजारावा भागही मोजावा लागतो. ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची पाच मीटर तार घ्या. तिचा रोध अडीच मिलिओहम, म्हणजे नसल्यातच जमा. तरीही दोनशे अँपिअरला ती अर्धा व्होल्ट गिळते आणि शंभर वॅटची उष्णता करून टाकते. घरात कुठलीतरी शिल्लक पडलेली १० चौरस मिलिमीटरची तार वापरली तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात. मग बॅटरी ठणठणीत असूनही इंजिन कण्हत फिरतं, किंवा नुसतं कटकट वाजतं. गॅरेजमध्ये अशा वेळी नवी बॅटरी विकली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता परतीची वाट. मागून पुढे एकच जाड तार जाते, मग वर्तुळ पूर्ण कसं होतं? गाडीच्या अंगातून. दुसरी तार म्हणजे अख्खी बॉडी. पोलाद तांब्यापेक्षा सात-आठ पट वाईट वाहक आहे, हे खरं. पण तळाच्या पत्र्याची रुंदी एक मीटर आणि जाडी ०.८ मिलिमीटर धरली तर छेद होतो ८०० चौरस मिलिमीटर. हिशेब केला की एवढ्याच पत्र्याचा रोध त्या महागड्या तांब्याच्या तारेच्या निम्म्याहूनही कमी भरतो. आपण ज्यावर पाय ठेवून बसतो तो तळ दोनशे अँपिअर निमूट वाहून नेतो आणि पायाला काही जाणवत नाही!

अट एकच. प्रवाहाला या पत्र्यात शिरायचं दार नीट हवं. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढायचा, लग कसून क्रिंप करायचा, वरून ग्रीस लावायचं. आणि इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी अशी विणलेली अर्थची पट्टी लागतेच. ती तुटली तरी प्रवाह हट्ट सोडत नाही. तो चोकच्या किंवा क्लचच्या बारीक केबलमधून वाट काढतो, आणि ती केबल तापून लाल झाल्याची उदाहरणं जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकांना चांगली ठाऊक आहेत.

बॅटरीच्या त्या जाड तांब्याच्या तारेच्या आत शिरलं की मात्र मी दर वेळी थक्क होतो. तांब्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे ८५ अब्ज गुणिले एक अब्ज इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. गर्दी एवढी, की दोनशे अँपिअर वाहायला त्या प्रत्येकाने सेकंदाला अर्धा मिलिमीटरही सरकायची गरज नसते. पाच मीटरची तार ओलांडायला एका इलेक्ट्रॉनला तीन तासांहून जास्त लागतील, आणि आपण सेल्फ मारतो एक-दोन सेकंद. शिवाय ऋण टोक बॉडीला जोडलेल्या आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉन बॅटरीतून निघतात तेच मुळी पत्र्याच्या वाटेने, आणि जाड लाल तारेतून ते बॅटरीकडे परतत असतात. म्हणजे आत्ता ज्यांनी स्टार्टर फिरवला त्यांतला एकही बॅटरीतून नुकताच आलेला नव्हता. सगळे तिथेच होते, फक्त किंचित हलले.

मग ऊर्जा कुठून आली? जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये याचं उत्तर दिलं. ऊर्जा तारेच्या पोटातून जात नाही, ती तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून जाते. डिकीतल्या बॅटरीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ती मुख्यतः लाल तार आणि खालचा पत्रा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून, तारेच्या वेष्टनातून आणि हवेतून पुढे वाहते. तांबं आणि पोलाद तिला वाट दाखवतात, आणि त्या कामाची मजुरी म्हणून उष्णता ठेवून घेतात.

याच चिंचोळ्या जागेत धोकाही आहे. पत्र्याच्या भोकातून जाताना तारेचं वेष्टन घासून फाटलं तर बॅटरी थेट बॉडीवर शॉर्ट होते, हजाराहून अधिक अँपिअर वाहतात आणि पाहता पाहता कार्पेट पेट घेतं. म्हणून प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवाच, आणि फ्यूज हवा तो बॅटरीच्या अगदी जवळ, कारण तो फक्त स्वतःच्या पुढची तार वाचवतो. इथे एक पेच आहे. थांबलेली मोटर सुरुवातीच्या क्षणी चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह खेचते, तेव्हा फ्यूजने तग धरायचा आणि शॉर्टच्या वेळी मात्र जळायचं. फ्यूज तापायला लागणारा थोडासा वेळच हे साधून देतो. बीएमडब्ल्यूने वेगळी युक्ती केली: टर्मिनलमध्येच स्फोटकाची इवलीशी कांडी बसवली. मोठी धडक झाली की ती उडते आणि स्टार्टरची तार तोडते. शर्यतीच्या गाड्यांवर निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चिन्ह असतं, ते बाहेरून वीज तोडायच्या स्विचचं. त्याने नुसती बॅटरी तोडून भागत नाही, कारण चालतं इंजिन आल्टरनेटरच्या विजेवर पुढे चालूच राहतं.

डिकी सीटच्या मागेच असली तर आणखी एक खबरदारी. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडू शकते, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेटू शकतो. त्यासाठी बंद एजीएम बॅटरी बरी, आणि वायू गाडीबाहेर सोडणारी नळी बसवायला विसरू नये.

सगळं जोडून झाल्यावर पुष्कळजण स्टार्टरपाशी मल्टिमीटर लावतात, १२.६ दिसले की खूश होतात. तो आकडा काहीच सांगत नाही. प्रवाह वाहत नसेल तर रोधावर व्होल्ट पडतच नाहीत, त्यामुळे केसाएवढा एकच धागा शिल्लक असलेली तारही पूर्ण १२.६ दाखवते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर धरा, दुसरं स्टार्टरच्या बोल्टवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. त्या दोन सेकंदांत दिसेल तो तारेने खाल्लेला व्होल्ट. मग हेच ऋण टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये करा. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर काम चोख झालं; बॉडीच्या बाजूला जास्त आलं तर बोल्टखालचा रंग पुन्हा खरवडायला घ्या.