नखें खाण्याची खोड आणि कृत्रिम नखें

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत मातीचीं ढेंकळें चुरडणारा, गवताच्या काड्या तोडणारा आणि नखें खाणारा अशा तिघांस, चहाडखोर व अस्वच्छ माणसांच्या पंक्तीस बसवून, ते लवकरच नाश पावतात असें म्हटलें आहे. शिक्षा फारच कडक खरी. परंतु पहिल्या तिघांस एकत्र आणण्यांत मोठें मार्मिक निरीक्षण आहे. तिघांचेही हात रिकामे आहेत व मन भलतीकडेच गुंतलें आहे. ही खोड कशी वाढते, तिनें काय बिघडतें, आणि ती मोडण्यासाठीं अलीकडे कांहीं लोक कृत्रिम नखें लावितात त्या उपायांत कितपत तथ्य आहे, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

वैद्यकांत या खोडीस ‘ऑनिकोफेजिया’ असें ग्रीक शब्दांवरून बनविलेलें नांव आहे. त्याचा अर्थ नखभक्षण एवढाच. खोड बहुधा बालपणीं जडते व शाळकरी वयांत बळावते. पुष्कळांची ती मोठेपणीं सुटते. कित्येकांची जन्मभर राहते. भित्रीं मुलेंच नखें खातात, हा समज अपुरा आहे. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून असें दिसतें कीं, कंटाळा व वैताग यांच्या वेळींही अशा खोडींची ओढ जोर करिते. गणित सुटेनासें झालें, किंवा तास संपतां संपेना, कीं बोट नकळत ओठांकडे जातें. नखाची कड जराशी खडबडीत लागली, तर ती दांतांनीं सारखी करावीशी वाटते. पण दांतांनीं ती सारखी न होतां अधिकच फाटते, आणि त्या नव्या फाटक्या कडेसाठीं पुन्हां दांत लागतात. असें हें चक्र आहे.

नख हें केराटिन नांवाच्या कठीण द्रव्याचें बनतें; केंस, शिंगें व खूर यांतही तेंच असतें. त्याचा जिवंत, वाढणारा भाग मुळाशीं त्वचेखालीं असतो. तेथून हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर पुढें सरकतें, व मुळापासून टोंकापर्यंत संपूर्ण नवें येण्यास सुमारें ६ महिने लागतात. घाईनें तोडलेलें नख घाईनें परत येत नाहीं! कडेची कातडी ओरबाडली गेली कीं तेथें जंतु शिरून बोट सुजतें, ठणकतें व पू धरतें. यासच आपण नखुरडें म्हणतों. नखाखालच्या मळाबरोबर दोऱ्यासारख्या बारीक जंतांचीं अंडीं पोटांत जातात. रात्रीं गुदद्वाराशीं खाज सुटून मूल खाजवितें, अंडीं फिरून नखांत येतात, आणि औषध देऊनही रोग परत फिरतो. पुढच्या दांतांच्या कडा झिजतात. याखेरीज एक दुःख असें आहे कीं, तें सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. ज्याचीं बोटें कुरतडलेलीं आहेत तो मुलगा बक्षीस घेतांना मूठ मिटतो. ती मुलगी पेटीवर हात ठेवण्यास लाजते.

बोटांस कडू लेप लावणें हा जुना उपाय. कडुनिंबाचा रस वा कोरफडीचा चीक सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजारी लेपांत डेनाटोनियम बेंझोएट नांवाचें द्रव्य असतें. तें १९५८ सालीं स्कॉटलंडमध्यें सांपडलें व ज्ञात पदार्थांत अत्यंत कडू गणलें जातें. परंतु हात धुतां धुतां लेप निघून जातो, आणि जिभेसही कडूपणाची संवय होऊं शकते.

कृत्रिम नखाचा मार्ग निराळा आहे. तें जिभेस शिक्षा करीत नाहीं, दांतांस अडवितें. हीं नखें मुख्यतः तीन प्रकारचीं असतात. पहिलीं प्लॅस्टिकचीं तयार नखें, चिकट पट्टीनें अथवा डिंकासारख्या द्रवानें बसविलेलीं. दुसरीं ॲक्रिलिकचीं, भुकटी व द्रव कालवून बोटावरच घडविलेलीं. दांतांच्या कवळ्या ज्या जातीच्या द्रव्याच्या होतात, त्याच जातीचें हें द्रव्य. तिसरीं जेलचीं, लेप देऊन अतिनील किरणांच्या दिव्याखालीं कठीण केलेलीं. तिन्हींचे गुण खोडीच्या दृष्टीनें सारखेच. कड जाड व गुळगुळीत असल्यामुळें दांतांस धरावयास कांहीं सांपडत नाहीं, आणि वर सांगितलेलें चक्र तुटतें. ओठांस परका स्पर्श होतांच झोपलेलें मन जागें होतें. शिवाय पदरचे पैसे खर्चून सुरेख केलेला हात विद्रूप करण्यास माणूस कचरतो. तेवढ्या अवधींत खालचें खरें नख निर्धास्तपणें वाढूं लागतें. कित्येक प्रौढ स्त्रिया या उपायानें खोडींतून सुटल्या आहेत.

तथापि भिंत बांधली म्हणजे चोर सुधारला असें नव्हे. दोन-तीन आठवड्यांत खरें नख पुढें सरकून मुळाशीं फट दिसूं लागते; ती भरून घ्यावी लागते. भरली नाहीं तर कड सुटते, व तीच उचकटण्याची नवी खोड लागते. कृत्रिम नख दांतांनीं उपटलें तर त्याबरोबर खऱ्या नखाचे पापुद्रे निघतात. नीट काढलें तरी घासण्यामुळें खालचें नख बहुधा पातळ व मऊ झालेलें असतें. अशा वेळीं हातास दुसरी संवय लाविलेली नसेल, तर सहा आठवड्यांची कमाई एका संध्याकाळीं नाहींशी होते.

त्यांत धोकेही आहेत. ज्या मेथाक्रिलेट द्रव्यांपासून हीं नखें करितात त्यांचें कित्येकांस वावडें होऊन बोटें, पापण्या व मान यांवर खाजरें इसब उठतें. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संघानें २०१८ सालीं असा इशारा दिला कीं, हें वावडें एकदां जडलें म्हणजे पुढें दांतांच्या उपचारांतही अडचण येऊं शकते. कृत्रिम नखांखालीं जंतु अधिक सांठतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालच्या नियमांत रुग्णसेवा करणारांनीं तीं वापरूं नयेत असें सांगितलें. नखें सोडविण्याचे कांहीं द्रव पोटांत गेल्यास प्राणघातक असतात. सबब बोट सुजलें वा फाटलें असतां हीं नखें मुळींच लावूं नयेत; आणि शाळकरी मुलांस तर हा उपाय न करणेंच इष्ट.

मग मुलांनीं काय करावें? नेथन अझरिन व ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं खोड पालटण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. तीस कवडीचाही खर्च नाहीं. प्रथम आपला हात केव्हां व कोठें तोंडाकडे जातो, हें कांहीं दिवस वहींत टिपावें. वाचतांना, चित्रपट पाहतांना, कीं उत्तर आठवत नसतां? नंतर हात निघाला असें वाटतांच मूठ वळून, अथवा हातांतील वस्तु घट्ट धरून, सुमारें तीन मिनिटें तसेंच राहावें. जो हात मुठींत गुंतला तो तोंडांत कसा जाईल? इस्राएलांतील दोन संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नखें खाणारांच्या मनगटांवर सहज न निघणारी साधी पट्टी बांधली. त्या सततच्या आठवणीचाही उपयोग झाला. यावरून कृत्रिम नखाचें मर्म उघड होतें. त्याचा खरा लाभ अडसर म्हणून थोडा, व घंटा म्हणून अधिक. ती घंटा मनगटावरच्या दोऱ्यानेंही वाजते.

पालकांस एक विनंती आहे. चारचौघांत मुलाच्या हातावर चापटी मारल्यानें खोड सुटत नाहीं. ती आडोशास जाते. मुलाशीं एकांतांत बोलावें. आरंभीं एकच बोट, आंगठा म्हणा, राखावयाचें ठरवावें. दर रविवारीं तें नख मोजून भिंतीवरील दिनदर्शिकेंत आंकडा लिहावा. तीन मिलिमीटर वाढलें कीं दुसरें बोट घ्यावें. नखें नेमानें कापून कड कानशीनें गुळगुळीत ठेवावी, म्हणजे दांतांस निमित्त उरत नाहीं. रक्त, पू अथवा वारंवार सूज दिसली, किंवा मूल फार चिंताग्रस्त भासलें, तर वैद्याचा सल्ला घ्यावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, एखादे दिवशीं चुकून नख तोडलें गेलें, तर सर्व व्यर्थ झालें असें समजूं नका. मुळाशीं नवें नख वाढतच असतें. तुम्हीं वहींत तो दिवस टिपावा, कड सारखी करावी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां मूठ वळावी.