पिवळं बाळ आणि कपाटातल्या गोळ्या

बाळ तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसू लागलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘होतंच सगळ्यांना, कोवळ्या उन्हात धरा.’ दुसरा काविळीची माळ कुठे मिळते याची चौकशी सुरू करतो. पहिल्या तटाचं निम्मं खरं आहे. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. तांबड्या पेशी तुटतात, त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं आणि ते बाहेर टाकण्याचं काम बाळाचं यकृत अजून शिकत असतं. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. पण या शिकाऊ यकृताच्या वाटेत एखादं औषध आडवं आलं, तर?

हा धडा वैद्यकाला फार महागात पडला. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलीन आणि सल्फिसॉक्साझोल हे सल्फा औषध देत. डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी त्याची तुलना टेट्रासायक्लीन गटातल्या एका औषधाशी केली. १९५६ साली निकाल छापून आला, तो हादरवणारा होता. सल्फा मिळालेली बाळं अधिक दगावली होती आणि शवविच्छेदनात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मेंदूचे काही भाग पिवळे पडलेले दिसले. चमत्कारिक गोष्ट अशी, की सल्फामुळे रक्तातलं बिलिरुबिन वाढत नसे. उलट कमीच भरे.

डॉ. गेरार्ड ओडेल यांनी १९५९ साली याचं कारण दाखवून दिलं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. बिलिरुबिन त्याला चिकटून फिरतं, तोवर ते मेंदूत शिरत नाही. सल्फा आलं की एसटीत बसलेल्याला उठवून जागा बळकावावी तसं ते अल्ब्युमिनवर बसतं. उठवलेलं बिलिरुबिन मोकळं होऊन मेंदूसारख्या अवयवांत जातं. रक्तातून निघून गेलेलं रक्ताच्या तपासणीत दिसणार कसं? तपासणीचा आकडा उतरतो आणि धोका मात्र वाढतो. म्हणूनच आजही बाळंतपण जवळ आलेल्या बाईला सल्फाच्या गोळ्या देणं टाळतात. सेफ्ट्रिॲक्सोन हे इंजेक्शनही अल्ब्युमिनवरची जागा घेतं, म्हणून कावीळ असलेल्या नवजात बाळाला ते देत नाहीत.

दुसरी वाट पेशी तुटण्याची. काहींच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असतं. मुंबईच्या पारशी समाजात ही उणीव १९६०च्या दशकातच नोंदली गेली. पण ती इतर समाजांतही आहे आणि मुलग्यांत अधिक. अशा पेशी काही औषधांनी भराभर फुटतात. औषधांनीच कशाला, आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांनीसुद्धा! त्यांतलं नॅफ्थलीन वासावाटे आणि कातडीवाटे बाळाच्या अंगात जातं. थोरल्या भावंडाची कुंची, टोपरी, दुपटी आजीने मायेने गोळ्या घालून जपलेली असतात आणि बारशाच्या आधीच ती नव्या बाळाच्या अंगावर चढतात. आजीचा यात काय दोष? तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं. बाळाचे कपडे ठेवायचे तिथे या गोळ्या घालूच नयेत. घातल्या असतील, तर ते कपडे नव्या बाळाला न घातलेलेच बरे.

माळेने पेशी तुटत नाहीत, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल. पण तिच्या भरवशावर जे दोन दिवस जातात, तेच मोलाचे असतात. पहिल्या चोवीस तासांतली कावीळ, तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा, अंगावर पिताना पेंगणारं बाळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जाताना आईने शेवटच्या महिन्यात आणि बाळंतपणानंतर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यावीत, रिकामी असली तरी. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं.