जुना कॅमेरा घ्या, पण फार जुना नको

खिशात मावणारे जुने डिजिटल कॅमेरे पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. जपानी कंपन्यांनी २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते आणि त्यांतले बहुतेक याच जातीचे होते. दहा वर्षांनी तो आकडा ९० लाखांच्याही खाली गेला. साहजिकच सेकंडहँड बाजारात भरपूर माल आहे आणि २००५ चा कॅमेराही 'जुना', २०१२ चाही 'जुना' म्हणूनच विकला जातो. प्रवासासाठी घ्यायचा असेल तर मात्र या दोघांत फार मोठं अंतर आहे, आणि ते मेगापिक्सेलचं नाही.

अंतर आहे ते प्रकाशाचं. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. २०१२ साली आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० मध्ये तो ११६ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे चौपट मोठा आहे आणि लेन्सही झूम न करता एफ/१.८ इतकी उघडते. एफ/३.५ च्या साध्या लेन्सशी तुलना केली तर दोन्ही मिळून सेन्सरवर जवळपास पंधरापट प्रकाश पडतो. अजिंठ्यासारख्या ठिकाणी, जिथे फ्लॅशला मनाई आहे, किंवा देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात चित्र स्वच्छ येणार की दाणेदार, हे इथेच ठरतं. झूम पूर्ण ताणला की हीच लेन्स एफ/४.९ वर येते आणि हा फायदा बराच ओसरतो, हेही खरं. म्हणून अंधारात झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं.

मग फोन काय वाईट, असं कुणीही विचारेल. वाईट मुळीच नाही. उलट, आजच्या बऱ्याच फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.३ इंचाहून मोठा असतो, म्हणूनच २००५ चा कॅमेरा सोबत नेण्यात हशील नाही. वेगळा कॅमेरा बाळगायचाच, तर तो फोनच्या पुढे जाणारा हवा. यावर दुसरा आक्षेप जुन्या सीसीडी सेन्सरच्या रंगांचा. ते रंग अनेकांना भुरळ घालतात, पण ते मुख्यतः सेन्सरवरच्या रंगगाळण्या आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया यांतून येतात. आरएक्स१०० रॉ फाइल देतो. रंग घरी बसून हवे तसे करता येतात. अंधारात न पोचलेला प्रकाश मात्र नंतर कुठून आणणार?

शिवाय फार जुन्या कॅमेऱ्याला खुराकच मिळत नाही. एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली. त्याआधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखत नाहीत, आणि ऑलिंपस-फुजीचं एक्सडी कार्ड तर शोधतच फिरावं लागतं. आरएक्स१०० ची एनपी-बीएक्स१ बॅटरी त्याच्या सातव्या आवृत्तीपर्यंत तीच राहिली, त्यामुळे ती सहज मिळते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, ही त्याची खरी खोट. पाहण्याची खिडकी त्याला नाहीच.

विकत घेताना चकचकीत बॉडीला भुलू नये. लेन्स चार-पाच वेळा आतबाहेर होऊ द्यावी. ती अडखळली किंवा कुरकुरली तर सौदा तिथेच सोडावा, कारण दुरुस्तीचा खर्च बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. मग अपर्चर एफ/११ वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. ठरावीक जागी करडे ठिपके दिसले, तर पुढे-मागे सरकणाऱ्या लेन्सने धूळ आत ओढलेली आहे आणि ती फडक्याने पुसून जाणार नाही.