एका शहराची दोन नावे : विकिपीडियावर वाद कसे मिटतात

वेतन नाही, पद नाही, एकमेकांची ओळखही नाही. तरीही हजारो माणसे रोज एकाच ग्रंथाचे लेखन करतात आणि प्रसंगी परस्परांचे लेखन खोडतातही. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाचे स्वरूप असे आहे. त्याची मराठी आवृत्तीही २००३ पासून याच रीतीने वाढत आली आहे. जेथे प्रत्येकाला लेखणीचा अधिकार आहे, तेथे मतभेद अटळ असतात. पाहण्याजोगी आहे ती ते मिटविण्याची पद्धत.

विकिपीडियावरील प्रत्येक लेखाला एक इतिहास जोडलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद त्यात रोजकीर्दीप्रमाणे राहते. शेजारीच चर्चेचे पान असते. मतभेद झाल्यास पुनःपुन्हा खोडाखोड न करता त्या पानावर कारण मांडावे, अशी अपेक्षा असते. स्वतःचे ज्ञान कितीही मोठे असो, प्रकाशित व विश्वसनीय आधार द्यावाच लागतो. इंग्रजी आवृत्तीत तर एकाच लेखावरील इतरांचे बदल चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटविणाऱ्यास लेखनबंदी होऊ शकते. रागाचा पहिला भर ओसरावा, हा या नियमाचा हेतू.

दोघांचे जमले नाही, तर तिसऱ्या त्रयस्थ संपादकाचे मत घेतले जाते. तेवढ्यानेही भागले नाही, तर सर्वांना अभिप्रायासाठी आवाहन केले जाते. येथे डोकी मोजण्यापेक्षा युक्तिवादाचे वजन पाहून सहमती ठरविण्याचा प्रघात आहे. शेवटी लवाद समिती असते. तिचे सदस्यही संपादकांनी निवडलेले स्वयंसेवकच. मात्र कोणता मजकूर खरा, याचा निवाडा ती करीत नाही. संपादकांचे वर्तन तेवढे तपासते. मजकुराचा वाद अखेर संपादकांनाच सोडवावा लागतो.

अशा वादाचे बोलके उदाहरण बाल्टिक समुद्रावरील एका बंदराचे आहे. पोलिश भाषेत त्याचे नाव ग्दान्स्क, जर्मन भाषेत डान्झिग. १३०८ मध्ये ट्युटॉनिक नाइट्स या जर्मन संघाने ते घेतले. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून १७९३ पर्यंत ते पोलंडच्या राजसत्तेखाली होते. पुढे ते प्रशियाकडे गेले. दोन महायुद्धांच्या दरम्यान ते स्वतंत्र नगर होते आणि १९४५ नंतर पोलंडमध्ये आले. तापमापकामुळे प्रसिद्ध झालेल्या फॅरनहाइटचा जन्म येथे १६८६ मध्ये झाला. मग त्याचे जन्मस्थान कोणत्या नावाने लिहावे? एकाने लिहिलेले नाव दुसरा बदली, तिसरा पुन्हा पूर्ववत करी. दोन्ही बाजूंना आधार सापडत होते आणि दोहोंमागे युद्धांच्या जखमाही होत्या.

अखेर २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्रजी विकिपीडियावर या प्रश्नापुरते मतदान घेण्यात आले. ‘नाव कोणते?’ असा एकच प्रश्न न विचारता इतिहासाचे कालखंड पाडून प्रत्येकावर स्वतंत्र मत मागितले गेले. १३०८ पूर्वी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग आणि त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क, असा निर्णय झाला. प्रथम उल्लेखात दुसरे नाव कंसात देण्याचीही तरतूद झाली. त्यामुळे कोणत्याही बाजूचे नाव पुसले गेले नाही. निर्णय लेखी नोंदला गेल्याने नव्या संपादकाला जुनी चर्चा मुळापासून उकरण्याचे कारण उरले नाही.

सर्वच वाद इतके नीट मिटत नाहीत. कित्येक जाणकार कंटाळून लेखन थांबवितात आणि ती हानी कोणत्याही नियमाने भरून येत नाही. स्वयंसेवकाला बांधून ठेवणारा करार नसतो. आपले म्हणणे ऐकले गेले, एवढ्याच विश्वासावर तो टिकतो. भागीदारीत, संस्थेच्या कारभारात वा घराच्या वाटणीतही अनेकदा एकाच मोठ्या प्रश्नावर माणसे अडून बसतात. अशा वेळी कोण बरोबर हे ठरविण्याआधी तो प्रश्न खरोखर एकच आहे की अनेक, हे तपासावे. वेगळे केलेल्या भागांपैकी काहींवर तरी एकमत आधीच झालेले असते. ते लिहून ठेवले, की उरलेल्या भागाची चर्चा सोपी होते.