वारशाचे वाहक : लेखांक सातवा – तालीम कोणाची?
जयपूरहून टोंकच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर चाकसू हा तहसिलीचा गाव लागतो, आणि त्याच्या जवळच शील की डूंगरी या टेकडीवर शीतलामातेचे देऊळ आहे. तिकडच्या पूर्णिमान्त गणनेची चैत्र कृष्ण अष्टमी, म्हणजे आपल्या पंचांगातील फाल्गुन वद्य अष्टमी, आली की आदल्या दिवशी रांधून ठेवलेल्या थंड अन्नाचा नैवेद्य घेऊन खेडोपाडीच्या स्त्रिया मातेची गीते गात तेथे येतात. ही गीते आजी-सासूच्या मागून चालता चालता कंठस्थ होतात. अशा विद्येस परराष्ट्राचे साहाय्य लागावे काय, आणि लागलेच तर ते कोणाच्या हाती पडावे, हा आजचा प्रश्न.

मागील लेखांकात आपण अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठीचा युनेस्कोचा २००३ चा करार पाहिला. त्याच्या २१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय मदतीचे जे प्रकार नमूद आहेत त्यांत अभ्यास, तज्ज्ञ आणि जाणकार पुरविणे, साधनसामग्री, अल्पव्याजी कर्जदेखील आहे. प्रशिक्षणाची तरतूद मात्र आवश्यक त्या कर्मचारीवर्गासाठी केलेली आहे. ज्या समाजात परंपरा नांदते त्या समाजातच तालीम देण्याची गोष्ट १४ व्या कलमात येते, पण ते कर्तव्य ज्या त्या राष्ट्राच्या शिरावर ठेवलेले. ही वाटणी मला मनापासून खटकते.

कारण वाहकालाच परदेशी विद्येचा लाभ झाला तर काय घडते, याचे उदाहरण जयपुरात आहे. तेथील निळ्या भांड्यांना कुंभाराची नेहमीची माती चालत नाही. गारेच्या दगडाची भुकटी, काचेचा चुरा, मुलतानी माती आणि डिंक यांची कणीक मळून ती साच्यात घालतात, आणि रंग व झिलई चढवून एकदाच भाजतात. सवाई रामसिंह दुसरे यांच्या अमदानीत राजाश्रय लाभलेला हा हुन्नर विसाव्या शतकाच्या मध्यास लुप्तप्राय झाला होता. तो पुन्हा उभा करणारे कृपालसिंह शेखावत हे जन्माने कुंभार नव्हते, चित्रकार होते. शांतिनिकेतनात शिकून ते पुढे टोकियोस गेले, तेथे पौर्वात्य कलेचे अध्ययन केले, आणि परतल्यावर कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या उत्तेजनाने या कामास लागले. टोकियोने त्यांना जयपूरचा नुस्खा दिला नाही, तो तेथे नव्हताच; परंतु रेषेची शिस्त आणि जुन्या हस्तकलेकडे आदराने पाहण्याची दृष्टी तेथे पक्की झाली असावी, असे मी समजतो. सवाई रामसिंह शिल्प कला मंदिरात त्यांनी शिष्य तयार केले, आणि १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारसा केवळ रक्ताने उतरतो, हा आग्रहही येथे गळून पडतो.

म्हणून माझे म्हणणे असे की मदतीच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम गुरूच्या मानधनाची आणि शिष्याच्या निर्वाहाची असावी, आणि दस्तऐवजीकरणाचा खर्च त्यामागून यावा. चाकसूच्या गायिकांचे ध्वनिमुद्रण अवश्य व्हावे. पण त्यांच्या नातींना आजीजवळ बसण्याची सवड मिळण्याची तजवीज त्याआधी व्हावी.

परदेशाचे साहाय्य थेट वाहकांच्या हाती पडल्याचे आणखी एक उदाहरण आहे. भास्कर कुलकर्णी यांनी मधुबनी आणि वारली चित्रे जगापुढे आणल्यावर जपानातील निईगाता प्रांताच्या मिथिला संग्रहालयाने त्या चित्रकारांना आपल्याकडे राहून काम करण्यास बोलाविले. त्या सहवासाचा हिशेब पुढील आठवड्यात पाहू.