गिअरबॉक्स बदलला, पण क्लचचा पाइप कोणता? ४०० बारची होजही का फसते, समजून घ्या

कन्नडहून चाळीसगावकडे निघालात. औट्रम घाटात पुढचा ट्रक थांबला, तुम्ही क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी गिअरमध्ये, मागे वाहनांची रांग. गिअरबॉक्स बदलून घेतलेल्या गाडीत असा प्रसंग आला, तर दोष नेहमी गिअरबॉक्सचाच असतो असं नाही. मास्टर सिलिंडरपासून स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जाणारा हातभर लांबीचा पाइपही त्याला कारण ठरू शकतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला आणि नव्याचा खर्च परवडत नाही, म्हणून काही जण मॅन्युअल बसवून घेतात. काही जण पाच गिअरच्या जागी सहा गिअरचा जुना बॉक्स आणतात. बॉक्स, क्लच प्लेट, पेडल यांचा हिशेब आधीच होतो. पाइप मात्र शेवटच्या दिवशी आठवतो आणि ‘मिळेल तो लावा’ म्हणून विषय संपतो.

हा पाइप नेमकं काय करतो?

अनेक लहान पेट्रोल गाड्यांत क्लचला केबल असते. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलचं काम ब्रेक ऑइल करतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते पाइपमधून स्लेव्हपर्यंत जातं आणि स्लेव्हचा दांडा क्लच सोडवतो.

उदाहरणादाखल हिशेब पाहू. मास्टरचा व्यास १६ मिमी आहे आणि पिस्टन ३० मिमी सरकला, तर साधारण ६ घन सेंमी ऑइल पुढे जातं. स्लेव्ह २२ मिमीचा असेल तर त्याचा दांडा सुमारे १६ मिमी बाहेर येतो. स्लेव्ह २४ मिमीचा असेल तर तोच दांडा १३ मिमीच्या आसपासच थांबतो. म्हणून पाइप घेण्याआधी नव्या गिअरबॉक्सचा स्लेव्ह आणि गाडीतला मास्टर एकमेकांना जुळतात का, हे मोजून घ्या. इथे चूक झाली तर कितीही महागडा पाइप ती भरून काढणार नाही.

आता समजा, पाइप दाबाखाली फुगला आणि १ घन सेंमी ऑइल त्या फुगण्यातच गेलं. २२ मिमीच्या स्लेव्हची चाल अडीच मिमीहून जास्त कमी होते. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते आणि नव्या बॉक्सचे सिंक्रोनायझर झिजू लागतात.

‘४०० बारची होज आहे’, मग अडचण कुठे?

आपल्या शहरातली खरी मेख इथेच आहे. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या दुचाकी बनतात, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होते. एमआयडीसीतले प्रेस आणि जेसीबी यांच्यासाठी हव्या त्या मापाची होज क्रिम्प करून देणारी दुकानंही शहरात आहेत. तिथून क्लचची होज बनवून घेणं सोपं वाटतं. पाव इंची, दोन तारांच्या जाळीची हायड्रॉलिक होज ४०० बारपर्यंतच्या कामासाठी असते. क्लचच्या पाइपमध्ये साधारण ४० बारच्या आसपास दाब असतो. म्हणजे दहापट मजबूत!

पण प्रश्न दाबाचा नाही, आतल्या रबराचा आहे. ही होज खनिज तेलासाठी असते आणि तिचं आतलं रबर सहसा नायट्राइल असतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असतं आणि नायट्राइलला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटून स्लेव्हच्या सीलपर्यंत पोहोचतात. ब्रेक ऑइलसाठी लागतं ते ईपीडीएम रबर. उलट ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, त्यामुळे या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल पडू देऊ नका.

मग कोणता पाइप घ्यायचा?

• कंपनीचा मूळ पाइप: मास्टर आणि स्लेव्ह एकाच मॉडेलचे असतील तर हाच पहिला पर्याय. अनेक युरोपियन बनावटीच्या गाड्यांत प्लास्टिकची लाइन आणि क्लिपचा जोड असतो. क्लिप आणि ओ-रिंग नवी घ्या.

• स्टीलचा पाइप आणि थोडी ब्रेक होज: स्टील फुगत नाही. इंजिन हलतं त्या टप्प्यात मात्र लवचिक होज हवीच. होजवर ‘एसएई जे १४०१’ हे ब्रेक होजचं मानक छापलेलं आहे का, ते पाहा.

• ब्रेडेड लाइन: आत टेफ्लॉन, बाहेर स्टेनलेस स्टीलची जाळी. फुगणं खूप कमी, ब्रेक ऑइललाही चालते. पण जाळी शेजारच्या पाइपला किंवा वायरिंगला घासून कापते, म्हणून तिच्यावर आवरण हवं.

फ्रीज-एसीची तांब्याची नळी वापरू नका. सततच्या हादऱ्यांनी तांबं कडक होऊन तडकतं.

जोड कसा जुळवायचा?

गळती बहुतेक वेळा टोकालाच होते. या गोष्टी तपासा:

१. आटे: एम १० बाय १ आणि ३/८ इंच २४ आटे, हे दोन्ही नट दिसायला जवळपास सारखे. एकाचा व्यास १० मिमी, दुसऱ्याचा ९.५ मिमी. चुकीचा नट दोन-तीन फेरे बसतोही, पण घट्ट करताना आटे जातात. हाताने सहज फिरत नसेल तर पाना लावू नका.

२. फ्लेअर: पाइपच्या तोंडाचे दोन प्रकार सर्रास दिसतात, ४५ अंशांचा डबल फ्लेअर आणि गोलसर बबल फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

३. बँजो बोल्ट: जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा नवा वॉशर लावा.

४. मार्ग: पाइप सायलेन्सर आणि ड्राइव्ह शाफ्टपासून लांब असावा. मध्ये उंच वळसा आला की तिथे एअर अडकते.

नमुना म्हणून जुना पाइप फेकू नका. दुकानात जाताना दोन्ही टोकांचे भाग सोबत न्या.

ऑइल कोणतं?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३०. हवेतली ओल शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. म्हणून अर्धवट उघडी बाटली वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये.

काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. क्लचची नळी सहसा वरच्या बाजूला असल्याने ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहतं. तरी पातळी उतरत असेल तर नुसतं ऑइल भरत राहू नका, गळती शोधा.

गाडी ताब्यात घेण्याआधी

एअर काढून झाल्यावर इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबून थोडं थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे, बाहेरची किंवा सिलिंडरच्या आतली. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहा.

कागदपत्रांचं कामही विसरू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू होतं, असं स्पष्ट केलं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

थोडक्यात: होज किती दाब सोसते हे दुकानदार सांगेलच. तुम्ही तीन प्रश्न विचारा. आतलं रबर ब्रेक ऑइलला चालतं का? दाबाखाली किती फुगते? दोन्ही टोकांचे आटे आणि फ्लेअर जुळतात का? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय घाटात गाडी घालू नका.